चार गाई, तीन एकर: आणखी दोन गाई घेण्याआधी

प्रश्न फलटण तालुक्याच्या दुष्काळी बाजूच्या एका तरुण शेतकऱ्याचा आहे. थोडक्यात असा: तीन एकर जमीन, विहिरीला पाणी फेब्रुवारीपर्यंत. चार एचएफ (होल्स्टीन फ्रिजियन) संकरित गाई. एक १६ लिटरची, एक १३ ची, तिसरी ९ वर आलेली आणि पाच वेळा उलटलेली (रेतन करूनही गाभ न धरलेली), चौथी सात महिन्यांची गाभण, आटवलेली (दूध बंद केलेली). डेअरीला रोज ३८ लिटर जातं, पण दहा दिवसांचा पगार आला की खाद्याच्या दुकानातच संपतो. सोयाबीन आणि कांद्यातूनही हाती फार राहत नाही. बँक दोन गाईंसाठी कर्ज द्यायला तयार आहे. घ्याव्यात का? आणि शेती-गाई मिळून फायद्यात कशा आणायच्या?

भाऊ, आधी उत्तर देतो, मग कारणं. या वर्षी गाई घेऊ नका. उलट चारच्या तीन करायची वेळ आली तरी कचरू नका. मी संगमनेर तालुक्यात २७ वर्षं गाई सांभाळतोय, त्यातली बारा वर्षं आजूबाजूच्या गावांत कृत्रिम रेतनाचं कामही केलं. त्या काळात शेकडो गोठ्यांत उभा राहिलो. बुडालेले गोठे पाहिले, तर दूध कमी म्हणून बुडालेले थोडे. वैरण विकतची आणि गाय वेळेवर गाभण नाही, या दोन गोष्टींनी बुडालेलेच जास्त.

तुम्ही दिलेल्या आकड्यांवरच बोलू. ३८ लिटर, ३३ रुपये दराने रोजचे १,२५४. खाद्य किती? गोळी पेंड, सरकी पेंड, भुसा मिळून २४ किलो, सरासरी ३३ रुपये किलो धरले तर ७९२. उसाचं वाढं (शेंड्याचा पाला) आणि हिरवा मका विकत ६० किलो, ४ रुपयांनी २४०. कडबा १२ किलो, १० रुपयांनी १२०. एकूण १,१५२. म्हणजे लिटरमागे ३० रुपयांचं खाद्य जातंय आणि लिटरला ३३ मिळतात. उरलेल्या तीन रुपयांत डॉक्टर, औषधं, वीज, खनिज मिश्रण आणि घरातल्या दोन माणसांची पहाटेपासूनची मजुरी. उरणार कुठून?

आता याच पद्धतीने आणखी दोन गाई आणा. १५-१५ लिटरच्या मिळाल्या असं धरू. ३० लिटरवर तीन रुपयांनी दिवसाला ९०, महिन्याला २,७००. दोन गाईंचं १ लाख ८० हजारांचं कर्ज पाच वर्षांसाठी काढलं तर हप्ताच महिना चार हजारांच्या आसपास येतो. त्यात त्या गाई कधीतरी आटणार, तेव्हा दूध बंद आणि खाणं सुरू. जो गोठा लिटरमागे तीन रुपये ठेवतो तो मोठा करून काही साधत नाही. आधी तीनचे बारा-तेरा करायचे.

दुधाचा भाव वाढेल या भरवशावर राहू नका. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये आमच्याकडे १८ रुपयांनी दूध घातलंय. २०२४ मध्ये सरकारला लिटरमागे ५ रुपये अनुदान द्यावं लागलं, इतका भाव पडला होता. भाव दुसऱ्याच्या हातात आहे. आपल्या हातात आहे तो लिटरमागचा खर्च, आणि त्यातला सगळ्यात मोठा वाटा खाद्याचा. तो दुधाच्या पैशाच्या ६० टक्क्यांवर यायला हवा, म्हणजे तुमच्या बाबतीत २० रुपयांच्या आत-बाहेर.

पहिलं काम फुकटचं आहे, उद्या सकाळीच करा. पेंड ज्या पाटीने घालता ती पाटी काट्यावर ठेवून वजन करा. माझ्या शेजारच्या गोठ्यात हा प्रयोग मी स्वतः केलाय. घरात सगळे म्हणत होते, एका पाटीत दोन किलो बसते. ताणकाट्याला अडकवली तर गोळी पेंड भरली पावणेतीन किलो, आणि भुसा भरला तर सव्वा किलो. दोन्ही ‘एक पाटी’च! सहा वर्षं ते घर असंच घालत होतं. त्या माउलीने तिथेच पाटीच्या आत कोळशाने रेघ ओढली. त्या रेघेचा फायदा तिला अजून होतोय.

दुसरं, तुम्ही तिन्ही दुभत्या गाईंना सात-सात किलो आणि आटलेलीला तीन किलो घालता. इथेच गफलत आहे. संकरित गाईला शरीर टिकवायला साधारण दीड किलो आंबोण (पेंड-भुशाचं मिश्रण) आणि वर दर लिटर दुधाला ४०० ग्रॅम, हा ठोकताळा. म्हणजे १६ लिटरवालीला ७.९ किलो लागते, तिला तुम्ही सात देता. ९ लिटरवालीला ५.१ पुरते, तिलाही सातच देता. चांगली गाय अर्धपोटी आणि मागे पडलेली चरबी धरतेय. चरबी धरलेली गाय पुढे गाभही नीट धरत नाही. प्रत्येकीच्या दावणीवर खडूने तिचं दूध आणि तिची पेंड लिहा. दर दहा दिवसांनी बदला.

आता खरा मुद्दा, वैरणीचा. आंबोणातला शरीरपोषणाचा दीड किलो हिस्सा चांगल्या हिरव्या द्विदल चाऱ्यातून भागतो. सहा ते आठ किलो लसूणघास साधारण एक किलो आंबोणाचं काम करतो. गाईमागे दहा किलो लसूणघास रोज मिळाला तर तीन गाईंची चार-साडेचार किलो पेंड वाचते. वर वजनाने घालायला लागलात की जादाची दोन-अडीच किलो तशीच थांबते. २४ किलोची १७ वर येते. हे मी अंदाजाने सांगत नाही, माझ्या वहीत हाच फरक आहे.

तुमच्या तीन एकरांची, म्हणजे १२० गुंठ्यांची, मांडणी अशी करा. १५ गुंठे नेपियर गवत. आपल्याकडे राहुरीच्या कृषी विद्यापीठाचा फुले जयवंत चालतो, कोइमतूरचा को-४ किंवा धारवाडचा डीएचएन-६ मिळाला तरी चालेल. या तिघांत कोणता चांगला यावर लोक तासन्‌तास वाद घालतात. माझ्या मते कापणी वेळेवर होते की नाही याने जास्त फरक पडतो. तीन बाय दोन फुटांवर दोन डोळ्यांची कांडी, १५ गुंठ्यांना साधारण २,७०० कांड्या. पहिली कापणी दोन ते अडीच महिन्यांनी, पुढच्या ४५ ते ५० दिवसांनी. डोक्याच्या वर गेलेलं नेपियर कापू नका. दिसायला भारा मोठा होतो, पण गाय पानं ओरबाडते आणि जाड कांड्या गव्हाणीत तशाच पडतात. त्या रोज सकाळी उकिरड्यावर जात असतील तर आपण पाणी आणि खत उकिरड्याला घालतोय.

दहा गुंठे लसूणघास, राहुरीचा आरएल-८८. पाणी फेब्रुवारीत संपतं म्हणता, तेव्हा तुमच्याकडे तो बारमाही टिकणार नाही. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये पेरा, ठिबक किंवा तुषारवर मार्च-एप्रिलपर्यंत ओढा. पावसाळ्यात त्याची जागा मका-चवळीने घ्यायची, दोन ओळी मका, एक ओळ चवळी. आणि बांधावर शेवरी, सुबाभूळ आजच लावा. उन्हाळ्यात पाटाला पाणी नसतं तेव्हा बांधावरचा तो हिरवा पाला प्रथिनांची बाजू सांभाळतो. सुबाभूळ मात्र एकूण हिरव्याच्या तिसऱ्या हिश्शापेक्षा जास्त घालू नये, त्यातल्या मायमोसिनने केस गळतात, गाय खंगते.

मग राहतो उन्हाळा, आणि तुमचा सगळा फायदा तिथेच वाहून जातोय. मार्च ते जून हे चार महिने तुम्ही वाढं विकत घेता. वाढं हिरवं दिसतं एवढंच. त्यात ऑक्झॅलिक आम्ल असतं, ते शरीरातलं कॅल्शियम बांधून टाकतं, मग गाय व्यायली की खाली बसते आणि सलाईन लावायला डॉक्टर रात्री धावत येतो. घालायचंच झालं तर चुन्याचं निवळ पाणी शिंपडून, कुट्टी करून, आणि पोटाला दुसरा चारा देऊन घाला. पण चार महिने वाढ्यावर गोठा काढणं बंद करायचं आहे. त्यासाठी मुरघास, म्हणजे हवाबंद करून मुरवलेला हिरवा चारा.

जूनच्या अखेरीस २० गुंठे मका पेरा, आफ्रिकन टॉल किंवा कणसाची चांगली जात. दाणा दुधाळ जाऊन चिकात आला, नखाने दाबल्यावर पिठूळ दूध येतं, की कापा. साधारण ७५ ते ८५ दिवस लागतात. २० गुंठ्यांत सात टन तरी मिळतो. चार गाईंना रोज ५५ ते ६० किलो धरलं तर चार महिन्यांचा उन्हाळा निघतो.

इथे माझी स्वतःची चूक सांगतो. २०११ साली मी प्रशिक्षणात ऐकून आलो आणि बारा फूट लांब, सहा फूट रुंद, सहा फूट खोल खड्डा काढला. सात टन अगदी मापात बसला. भरला छान, दाबला छान, कागद घातला. मार्चमध्ये उघडला तेव्हा वास असा गोड-आंबट की गाई दावं ओढायला लागल्या. पण चार गाईंना रोज जेवढं लागतं तेवढं काढलं तर त्या खड्ड्याची कड दिवसाला एक-सव्वा इंच पुढे सरकते. हवा आत शिरते त्या मानाने आपली खाण्याची चाल हळू. पंधरा दिवसांत कडेला पांढरी बुरशी, एप्रिलच्या शेवटी निळी-काळी. मी वरवरची काढून आतली घालत राहिलो. दोन गाई एकाच आठवड्यात जुलाब लागून बसल्या, एकीचा पाच महिन्यांचा गाभ पडला. त्या गाईचा तो गाभ माझ्या मनाला लागलाय. पाच-सात गाईंच्या गोठ्याने खड्ड्याच्या नादाला लागू नये. पिशव्या भराव्यात. एक टनाच्या भरल्या तर एक पिशवी तुम्हाला सतरा-अठरा दिवस पुरते, वरून रोज तीन-चार इंच उतरते, बुरशीला वेळच मिळत नाही. पन्नास किलोच्या भरल्या तर रोज एक उघडायची.

भरताना दोन गोष्टी सांभाळा. कुट्टी एक इंचाच्या आत हवी. मूठभर कुट्टी घट्ट दाबून सोडली तर गोळा हळूहळू उलगडला पाहिजे. हाताला रस लागला तर ओल जास्त, लगेच भसकन सुटला तर कोरडी. पिशवी भरताना एक माणूस आत उभा राहून तुडवत राहिला पाहिजे, नुसतं वरून दाबून काम होत नाही. तोंड बांधल्यावर ४५ दिवस हात लावायचा नाही, आणि उंदराने पाडलेलं भोक त्याच दिवशी चिकटपट्टीने बंद करायचं.

मक्याचं रान सप्टेंबरमध्ये मोकळं होतं, तिथे आणि सोयाबीनच्या रानात मिळून दीड एकर रब्बी ज्वारी घ्या. ज्वारी काढायला माणूस मिळत नाही हे मला माहीत आहे, त्यामुळेच लोकांनी ती सोडली आणि त्यामुळेच कडबा सोन्याच्या भावात गेला. तरीही घ्या. तुमच्याकडे भारी रान असेल तर फुले वसुधा किंवा रेवती, हलकं असेल तर अनुराधा, नाहीतर आपली मालदांडी. दाणे घरच्या भाकरीला आणि थोडे विकायला, आणि चार टनांच्या आसपास कडबा. पीक निवडताना आपण क्विंटलचा भाव बघतो. दावणीला गाय असलेल्याने मागे राहणारी वैरणही त्यात मोजली पाहिजे. सोयाबीनचं, हरभऱ्याचं भुसकट, भुईमुगाचा पाला ही सगळी गोठ्याची शिल्लक आहे. कांद्याखाली रान गुंतवलं की यातलं काहीच मागे राहत नाही. कांदा करूच नका असं म्हणत नाही, वीस गुंठ्यांवर ठेवा. त्या वीस गुंठ्यांना स्वतःचं शेणखत भरपूर घाला.

या मांडणीत तीन गाईंना वैरण आरामात पुरते, चारला ओढून-ताणून. सहाला निम्म्याहून जास्त विकत आणावी लागेल, आणि तुम्ही पुन्हा आजच्या जागी येऊन उभे राहाल. गाई किती ठेवायच्या हे बँक ठरवत नाही, रान ठरवतं.

पुन्हा हिशेब घालू. पेंड १७ किलो, ५६१ रुपये. हिरवी १०० किलो, घरची म्हणून बियाणं, पाणी, खत, मजुरी धरून दीड रुपया किलोने १५०. कडब्याला मजुरीचे ५०. एकूण ७६१, म्हणजे लिटरला २० रुपये. दिवसाला ४९३ राहतात, महिन्याला १४ हजार ८००. कागदावरचा हा हिशेब पहिल्याच वर्षी पूर्ण उतरणार नाही. पण निम्मा उतरला तरी नव्या दोन गाईंनी जे दिलं असतं त्याच्या दुप्पट होतो, कर्जाशिवाय.

आता दुसरी गळती, गाभण राहण्याची. नऊ लिटरवाली व्यायल्याला अकरा महिने झाले आणि पाच वेळा उलटली म्हणता. गाईचे गाभाचे दिवस साधारण २८०. व्यायल्यावर ९० दिवसांच्या आत गाभ धरला तर वर्षाला एक वेत बसतं. एक माज हुकला की २१ दिवस गेले. पाच माज म्हणजे साडेतीन महिने. त्या साडेतीन महिन्यांत गाय नव्या वेताचं वीस लिटर देण्याऐवजी जुन्या वेताची शेपटी ओढत असते. हा तोटा कुठल्याच बिलात छापून येत नाही, त्यामुळे तो दिसत नाही.

रेतनाला बोलावलं जायचो तेव्हा दहातल्या तीन-चार गाई मला माज उतरून गेलेल्या सापडायच्या. शेतकरी सकाळी दूध घालून येतो, न्याहारी करतो, रानात जातो, आणि दुपारी कुणीतरी सांगतं की गाय हंबरत होती. माज पाहायचा तर पहाटे धारेच्या आधी आणि रात्री नऊ-दहाला, टॉर्च घेऊन, दहा-दहा मिनिटं शांत उभं राहून. बऱ्याच गाई रात्रीच माज दाखवतात. अंड्याच्या पांढऱ्यासारखा स्वच्छ, तुटता न तुटणारा चिकट स्रावाचा सोट शेपटीला लागलेला असतो, दूध अचानक लिटरभर घटतं, खाण्यात लक्ष नसतं, दुसरी गाय अंगावर चढली तर स्थिर उभी राहते. माज सकाळी दिसला तर संध्याकाळी भरवा (रेतन करून घ्या), संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या दिवशी सकाळी. सोट गढूळ किंवा पूसारखा असेल तर भरवू नका, आधी गर्भाशयाचा उपचार करा. आणि शेपटीला रक्ताचा डाग दिसला तर समजा, माज दोन दिवसांपूर्वी येऊन गेला. ती तारीख भिंतीवरच्या कालनिर्णयावर लिहा आणि पुढे अठराव्या दिवसापासून त्या गाईवर डोळा ठेवा.

मी स्वतः सगळ्या तारखा कॅलेंडरवर मांडतो. व्यायली, माजावर आली, भरवली, कोणत्या वळूची रेतमात्रा, ६० दिवसांनी तपासली. आमच्या घरात मुलं अभ्यासाला बसतात त्याच भिंतीवर ते लटकतं, त्यामुळे माझ्या विसरण्याला जागा नाही. उरुळीकांचनला मणिभाई देसाईंनी १९६७ साली बाएफ ही संस्था सुरू केल्यापासून दारात येऊन रेतन करून मिळणं आपल्या भागाला ठाऊक झालं. पण वळूची माहिती विचारणारा शेतकरी आजही कमी. त्याच्या आईचं दूध किती, फॅट किती, हे विचारा. तुमच्याकडे चारा बेताचा आहे, तर तीस लिटरच्या वंशावळीमागे लागू नका. १५-१६ लिटर, चांगली फॅट आणि टणक पाय, अशी गाय तुमच्या उन्हाळ्यात टिकेल.

पाच वेळा उलटलेलीचं काय करायचं? एकदा चांगल्या डॉक्टरांकडून गर्भाशय आणि बीजांडं तपासून घ्या. जंतनाशक द्या, रोज ५० ग्रॅम खनिज मिश्रण सुरू करा, पेंड तिच्या दुधाप्रमाणे कमी करा. पुढचे दोन माज वाट पाहा. नाहीच धरला तर दूध आहे तोवर विका, आणि घेणाऱ्याला सगळं खरं सांगून विका. आटल्यावर ती कुणीच घेणार नाही आणि तिची वैरण तुमच्या चांगल्या गाईच्या तोंडची जाईल. मला ठाऊक आहे, दारात जन्मलेलं जनावर सोडताना घरात दोन दिवस कुणी नीट जेवत नाही. आमच्याही घरात असंच होतं. तरी हा निर्णय घ्यावा लागतो.

तिची जागा बाजारातून भरू नका. लोणी, काष्टीच्या बाजारात मीही गाई घेतल्या आहेत. एकदा एका व्यापाऱ्याने सकाळची धार तुंबवून ठेवलेली गाय १८ लिटरची म्हणून दिली, घरी ती ११ वर आली. वर तिच्याबरोबर गोठ्यात गर्भपाताचा रोग, ब्रुसेला, आला, त्यातून निघायला मला तीन वर्षं लागली. घ्यायचीच झाली तर ओळखीच्या गोठ्यातून, लागोपाठ तीन धारा समोर काढून, आणि ब्रुसेलाची रक्ततपासणी करून. त्यापेक्षा घरची कालवड वाढवा. गाभण गाईला आता दोन महिने राहिलेत. ती कोरडी आहे म्हणून तिला उरलंसुरलं घालू नका, याच दोन महिन्यांत पुढच्या वेताचं दूध ठरतं. पाडी झाली तर पहिल्या तासात चीक पाजा, तिच्या वजनाच्या दहाव्या हिश्शाइतका दिवसभरात. जार पडायची वाट बघत वासराला उपाशी ठेवायची जुनी पद्धत सोडा, वासरू तिथेच कमजोर पडतं. रोज चारशे-पाचशे ग्रॅमने वाढलेली पाडी दीड वर्षात अडीचशे किलोला येते, तेव्हा भरवायची. गोऱ्ह्यांचा प्रश्न तुम्हालाही पडलेला असेल. लिंगवर्गीकृत रेतमात्रेने दहात नऊ पाड्या होतात, ती पहिलारू कालवडींना आणि वेळेवर माजावर येणाऱ्या निरोगी गाईंना वापरा, उलटणाऱ्या गाईवर तिचा पैसा घालवू नका.

बाकीच्या गोष्टी थोडक्यात. दावणीच्या गाई दिवसातून दोनदा पाणी पितात. त्यांना कुंपण घालून मोकळं सोडा आणि पाण्याची टाकी सतत भरलेली ठेवा. गाईमागे दोनशे चौरस फूट जागा पुरे, जाळीच्या कुंपणाला फार पैसे लागत नाहीत. माझ्याकडे यानेच गाईमागे अर्धा ते एक लिटर दूध वाढलं, आणि शेण भरायचं रोजचं काम जवळजवळ संपलं. ते काम माझी बायको करायची. तिचे रोजचे दोन तास वाचले, हा फायदा मी दुधाच्याही वर लिहितो.

धार काढल्यावर गाईला लगेच बसू देऊ नका, पुढ्यात कुट्टी टाका. सडाची तोंडं अर्धा तास उघडी असतात, शेणात बसली की दगडी (कासेची सूज) झालीच. धारेनंतर सड जंतुनाशकात बुडवायला दिवसाला काही पैसे लागतात, दगडीला हजारो. लाळ-खुरकुताची लस वर्षातून दोनदा, घटसर्प आणि फऱ्या पावसाळ्याआधी, लम्पीची दरवर्षी. २०२२ च्या लम्पीत आमची एक कालवड गेली. लस आठ दिवसांनी टोचू म्हणून राहिली होती, आणि ते आठ दिवस मिळालेच नाहीत.

फॅट आणि एसएनएफची (फॅट सोडून दुधातल्या बाकी घन पदार्थांची) पावती रोज घ्या, ३.५ आणि ८.५ च्या खाली किती पॉइंटला किती कापतात ते विचारून ठेवा. फॅट पडली की बहुतेकदा पेंड जास्त आणि कोरडी वैरण कमी झालेली असते. एसएनएफ पडला की गाय अर्धपोटी असते. फलटण शहर तुम्हाला जवळ पडत असेल तर दहा लिटरचं रतीब घरोघर लावून पाहा. अन्न व औषध प्रशासनाकडे नोंदणी करून घ्या आणि पाण्याचा थेंब घालू नका. त्या दहा लिटरला डेअरीच्या दीडपट भाव मिळतो.

चार गाईंचं रोजचं ६० किलो शेण, म्हणजे वर्षाला कुजून दहा-अकरा टन खत. टनामागे पाच किलो नत्र धरा. दोन एकरांना पुरतं. ते उन्हात वाळत टाकू नका, सावलीत खड्डा करून ओलं ठेवा. जमलं तर दोन घनमीटरचा बायोगॅस बांधा, त्याला ५० किलो शेण लागतं. महिन्याचा जवळजवळ सगळा स्वयंपाक त्यावर होतो, आणि मागून येणारी स्लरी नेपियरला सोडली की कापणी चार दिवस आधी येते.

कर्ज काढायचंच असेल तर ते खेळत्या भांडवलासाठी काढा. २०१९ पासून किसान क्रेडिट कार्ड पशुपालनालाही मिळतं, दोन लाखांपर्यंत वेळेत फेडलं तर व्याज चार टक्के पडतं. त्यातून हंगामात रोखीने सरकी पेंड आणि मका भरून ठेवा, कुट्टी मशीन नसेल तर ते घ्या, पिशव्या घ्या. खाद्याच्या दुकानातली उधारी ज्या दिवशी बंद होईल त्या दिवशी पगार घरी यायला लागेल, कारण उधारीच्या पोत्यावर दुकानदार जे चढवतो ते व्याजच आहे, फक्त त्याला तसं नाव नसतं.

आता एक करा. उद्यापासून दहा दिवस, एका पगाराचे, वहीत लिहा: प्रत्येक गाईचं सकाळ-संध्याकाळचं दूध वेगळं, प्रत्येकीची पेंड वजन करून, विकत घेतलेली आणि घरची वैरण वेगवेगळी, आणि गव्हाणीत उरलेली कांडी किती ते. रानाची माती हलकी की भारी, विहिरीत आज किती परस पाणी आहे, तेही लिहा. गाभण गाईची शेवटची भरवल्याची तारीख कळवा, म्हणजे तिच्या शेवटच्या तीन आठवड्यांची पेंड कशी वाढवायची ते मापानिशी सांगतो. नेपियरच्या कांड्या हव्या असतील तर पावसाच्या पहिल्या आठवड्यात या, माझ्या रानातून लागतील तेवढ्या तोडून न्या.